एकाच ऑर्डरच्या दोन-दोन नोंदी: वेबहुकवर चालणाऱ्या फ्लोमधली डुप्लिकेटची कटकट

आधी लक्षणं. ग्राहक एकदाच पैसे भरतो, पण ऑर्डरच्या शीटमध्ये त्याच्या दोन ओळी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमची ऑर्डर मिळाली’ हा मेसेज त्याला दोनदा जातो, कधी बिलंही दोन निघतात. हे रोज होत नाही. एरवी सगळं सुरळीत चालतं आणि ऑफर लावली किंवा सण तोंडावर आला की नेमका त्याच दिवशी घोळ. मग कोणीतरी शीटमधल्या जादा ओळी हाताने काढतं, थोडे दिवस शांततेत जातात, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फ्लो म्हणजे एकामागून एक आपोआप होणाऱ्या कामांची साखळी. ती बनवायला एन-एट-एन, मेक, झॅपियर, पॅब्ली, गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्ट, यांपैकी काहीही वापरत असाल तरी हा त्रास होऊ शकतो. साधन बदलून तो जात नाही, कारण मूळ साधनात नसतं. वेबहुक म्हणजे काही घडलं की एका सेवेने दुसरीला आपोआप पाठवलेला निरोप. तो पाठवणाऱ्या बहुतेक मोठ्या सेवांचा प्रयत्न एवढाच असतो: निरोप किमान एकदा पोचावा. ‘एकदाच पोचेल’ असं कोणी म्हणत नाही. फ्लो मात्र आपण ‘एकदाच येणार’ असं धरून बांधतो.

उदाहरण म्हणून दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकणाऱ्या एका घरगुती व्यवसायाचा फ्लो घेऊ. वेबसाइटवर ऑर्डर येते आणि पेमेंट गेटवेतून (रेझरपे, स्ट्राइप अशा ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेतून) पैसे जमा होतात. मग गेटवे वेबहुक पाठवतो. फ्लो शीटमध्ये ओळ घालतो, बिलाची पीडीएफ बनवतो, ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि परदेशातली ऑर्डर असेल तर कुरिअरचं लेबल काढतो. शीटमधली जादा ओळ पुसता येते. चकली-अनारशांचं दुसरं पार्सल न्यू जर्सीला रवाना झालं की ते कोण परत आणणार? पॅकिंग करणारी मुलगी विचारते, “काकू, हे नाव दोनदा आलंय, दोन डबे भरू का?” तिने विचारलं तर ठीक. ऐन गर्दीत विचारायला तिला वेळ नसतो.

डुप्लिकेट कोणत्या जातीचं आहे?

बहुतेक जण इथेच घाई करतात आणि फ्लोमध्ये कुठेतरी फिल्टर टाकून मोकळे होतात. त्याआधी दोन्ही ओळींची कुंडली काढा. शीटमध्ये पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी, इव्हेंटचं नाव आणि वेळ (सेकंदांसकट) हे चार कॉलम नसतील तर आजच घाला. ते नसतील तर पुढचा सगळा तपास अंदाजपंचे होतो.

आता लॉग, म्हणजे फ्लोच्या प्रत्येक फेरीची (एक्झिक्युशनची) नोंद, बघा. गर्दीच्या दिवशीच्या लॉगमध्ये साधारण असं काही दिसतं:

११:०४:०९ – पेमेंट कॅप्चर्ड – आयडीचा शेवट ७के२ – एक्झिक्युशन १४ सेकंद चालली
११:०५:१३ – पेमेंट कॅप्चर्ड – आयडीचा शेवट ७के२ – एक्झिक्युशन ११ सेकंद चालली

आयडी तोच, इव्हेंट तोच, फक्त मधे मिनिटभराचं अंतर. हा रीट्राय आहे, म्हणजे निरोप पोचला नाही असं समजून गेटवेने तो पुन्हा पाठवलाय. तिसरी ओळ असेल आणि तिचं अंतर आणखी मोठं असेल, तर शंकाच नको. उपाय पुढे सविस्तर आहे, कारण बहुतांश वेळा हाच प्रकार निघतो.

आयडी तोच, वेळ जवळजवळ तीच, पण इव्हेंटचं नाव वेगळं असेल तर गेटवेच्या डॅशबोर्डवर जा. वेबहुक नोंदवताना सगळ्या खुणा करून टाकायची आपल्याला सवय असते. रेझरपेत ‘पेमेंट ऑथराइज्ड’, ‘पेमेंट कॅप्चर्ड’ आणि ‘ऑर्डर पेड’ हे तीन वेगवेगळे इव्हेंट आहेत आणि एकाच खरेदीवर तिन्ही येऊ शकतात. ते ठरलेल्या क्रमाने येतील याचीही हमी नाही, त्यामुळे ‘पहिला आला तो घ्या’ हा मार्ग बाद. एक ठेवा, बाकीच्या खुणा काढा. माल पाठवायचा तो पैसे खरोखर जमा झाल्यावर, म्हणून ‘ऑथराइज्ड’वर (पेमेंट मंजूर, पण अजून जमा नाही) काहीच चालवू नका.

दोन्ही ओळी अगदी एकाच सेकंदाच्या आणि सगळंच सारखं असेल तर फ्लो दोन आहेत. कोणीतरी ‘नवीन फ्लो – कॉपी २’ बनवला आणि जुना चालूच राहिला, किंवा डॅशबोर्डवर वेबहुकचे दोन पत्ते नोंदवलेले आहेत. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण तपासायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

आणखी एक प्रकार शीटवरून चालणाऱ्या फ्लोचा. ट्रिगर (फ्लो सुरू करणारी घटना) ‘नवीन किंवा बदललेली ओळ’ असा आहे आणि फ्लो शेवटी त्याच ओळीत ‘मेसेज पाठवला’ असं लिहितो. ओळ बदलली, म्हणून ट्रिगर परत लागतो. ट्रिगर ‘नवीन ओळ’ करा, नाहीतर स्टेटस दुसऱ्या शीटमध्ये लिहा.

आणि हा शेवटचा प्रकार नीट वाचा, कारण इथे डुप्लिकेट काढणं हीच चूक ठरते. नाव तेच, रक्कम तीच, फोन तोच, वेळेत चार-पाच मिनिटांचं अंतर, पण पेमेंट आयडी वेगळे. हे डुप्लिकेट नाही. यूपीआयने पैसे गेले, पान अडकलं, ग्राहक घाबरला आणि त्याने पुन्हा भरले. खात्यात दोनदा पैसे आलेले आहेत. यातली एक ओळ पुसली की ग्राहकाच्या पैशांचा मागच पुसला जातो. इथे फोन करून विचारायचं आणि एक पेमेंट परत करायचं. नाव, फोन किंवा रक्कम जुळवून डुप्लिकेट पकडणारे फ्लो नेमके इथे फसतात. शिवाय आईसाठी एक आणि सासूबाईंसाठी एक अशी त्याच रकमेची खरीखुरी दुसरी ऑर्डर देणारेही दिवाळीत कमी नसतात.

रीट्राय गर्दीतच का होतो

वेबहुक म्हणजे पोचपावतीचं पत्र. पाठवणारा सहीची वाट बघतो आणि सही मिळाली नाही तर पत्र पुन्हा पाठवतो. इथे सही म्हणजे २०० ते २९९ मधला एचटीटीपी कोड. रेझरपे आणि शॉपिफाय त्यासाठी ५ सेकंद थांबतात. तेवढ्यात पोच आली नाही तर रेझरपे वाढत्या अंतराने २४ तास प्रयत्न करत राहतो. स्ट्राइपचे लाइव्ह मोडमधले प्रयत्न ३ दिवसांपर्यंत चालतात.

आता आपला फ्लो बघा. शीटमध्ये ओळ, पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅप, लेबल असं सगळं झाल्यावर तो उत्तर देतो. एरवी हे चार सेकंदांत उरकतं, म्हणून कधी कळतच नाही. गर्दीत शीट जड होते. त्यात व्हीलूकअप आणि इम्पोर्टरेंज या फॉर्म्युल्यांचे कॉलम असले तर विचारूच नका. गूगल शीट्सच्या एपीआयची (फ्लो ज्या दाराने शीट वाचतो-लिहितो त्याची) मर्यादा एका प्रोजेक्टमध्ये दर वापरकर्त्यामागे मिनिटाला ६० वाचनं आणि ६० लेखनं एवढी आहे. ती ओलांडली की ४२९ एरर येतो, फ्लो मधेच पडतो, गेटवेला ५०० कोड जातो आणि तो निरोप परत पाठवतो. म्हणजे आधीच दमलेल्या शीटवर आणखी भार, आणखी एरर, आणखी रीट्राय. संध्याकाळपर्यंत शीटची काय अवस्था होते ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

यातली खरी गोम अशी की फ्लोने काम केलेलं असतं. ओळ पडलेली असते, मेसेज गेलेला असतो. फक्त पोच उशिरा गेली. गेटवेच्या लेखी मात्र काहीच झालेलं नाही.

पहिलं काम: पोच लगेच द्या

एन-एट-एनच्या वेबहुक नोडमध्ये (नोड म्हणजे फ्लोमधली एक पायरी) ‘रिस्पॉन्ड’ नावाची सेटिंग आहे. ती ‘व्हेन लास्ट नोड फिनिशेस’वर असेल तर ‘इमिजिएटली’ करा. कित्येक फ्लोंमधले बरेच डुप्लिकेट एवढ्यानेच थांबतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पोच लगेच दिल्यावर पुढे फ्लो पडला तर गेटवे परत पाठवणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने विषय संपला. त्यामुळे एरर वर्कफ्लो लावणं आता गरजेचं झालं. पडलेल्या एक्झिक्युशनचा निरोप कोणाच्या तरी मोबाइलवर गेलाच पाहिजे.

मेकमध्ये वेबहुक मुळातच लगेच २०० देतो, जोपर्यंत तुम्ही फ्लोच्या शेवटी ‘वेबहुक रिस्पॉन्स’ मॉड्यूल जोडत नाही तोपर्यंत. जोडलेलं असेल आणि गेटवेला त्या उत्तराचा काही उपयोग नसेल, तर काढून टाका. झॅपियरचा ‘कॅच हुक’ही लगेच उत्तर देतो. म्हणून या दोघांत डुप्लिकेट दिसले तर संशय आधी वर सांगितलेल्या बाकीच्या प्रकारांवर घ्या.

गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्टवाल्यांसाठी थोडं जास्त सांगतो, कारण फुकट असल्यामुळे लहान व्यवसाय तिथूनच सुरुवात करतात आणि तिथला सापळा डोळ्यांना दिसत नाही. आलेला निरोप घेणाऱ्या डूपोस्ट फंक्शनमधून तुम्ही कंटेंटसर्व्हिसने ‘ओके’ असं उत्तर देता. ब्राउझरमध्ये ते बरोबर दिसतं. प्रत्यक्षात गूगल आधी ३०२ कोड देऊन दुसऱ्या पत्त्याकडे वळवतो आणि खरं उत्तर तिथे असतं. ब्राउझर निमूट वळतो. वेबहुक पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा वळत नाहीत, ३०२ बघून ‘पोच नाही’ अशी नोंद करतात. टेलिग्रामचे बॉट अ‍ॅप्स स्क्रिप्टवर बनवणाऱ्यांनी तोच मेसेज पुन्हा पुन्हा येण्याचा जो अनुभव घेतलाय, त्याचं कारण हेच. उत्तर एचटीएमएलसर्व्हिसने दिलं की सरळ २०० जातो.

अ‍ॅप्स स्क्रिप्टची दुसरी अडचण अशी की डूपोस्टला आलेल्या विनंतीचे हेडर (निरोपासोबत, पण मजकुराबाहेर येणारी माहिती) वाचता येत नाहीत. रेझरपे प्रत्येक इव्हेंटचा वेगळा आयडी हेडरमध्ये पाठवतो, निरोप खरा असल्याची त्याची डिजिटल सहीसुद्धा हेडरमध्येच असते. दोन्ही तुमच्या हाती लागत नाहीत. म्हणजे डुप्लिकेट ओळखायला आतल्या मजकुरातला पेमेंट आयडी वापरावा लागणार आणि निरोप खरंच गेटवेकडून आला का, हे सहीवरून पडताळता येणार नाही. आलेल्या पेमेंट आयडीची माहिती गेटवेच्या एपीआयकडे उलट विचारून खात्री करणं हा त्यातला बरा मार्ग. पैशांचा व्यवहार वाढला असेल तर मी अ‍ॅप्स स्क्रिप्ट सोडायचा सल्ला देईन.

दुसरं काम: दारातच नोंदवही

पोच लगेच दिली तरी निरोप दोनदा येणं पूर्ण बंद होत नाही. मधे नेटवर्क गेलं तर तुम्ही दिलेली पोचच हरवते. म्हणून फ्लोच्या अगदी सुरुवातीला एक नोंदवही हवी: हा आयडी आधी येऊन गेलाय का? गेला असेल तर तिथेच थांब.

‘आधी शीटमध्ये शोध, सापडला नाही तर पुढे जा’ असं बहुतेक जण करतात. कमी गर्दीत ते चालतं. गर्दीत दोन एक्झिक्युशन एकाच वेळी शोधतात, दोघींनाही काही सापडत नाही, दोघीही लिहितात. शोधणं आणि लिहिणं या दोन पायऱ्या राहिल्या की मधे फट राहतेच. मधे काही सेकंदांचा ‘वेट’ टाकणं हा उपाय अनेक ठिकाणी सुचवलेला दिसतो. त्याने फट फक्त पुढे सरकते.

फट बुजवायची तर डेटाबेसला काम द्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक लहान टेबल करा, आयडीच्या कॉलमला युनिक (तीच किंमत दुसऱ्यांदा नको अशी अट) लावा आणि ‘इन्सर्ट, ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ अशी एकच आज्ञा चालवा. शेवटी ‘रिटर्निंग’ लिहिलंत तर नवीन आयडीला एक ओळ परत मिळते आणि जुन्याला काहीच मिळत नाही. ओळ आली तरच फ्लो पुढे. दोन निरोप एकाच क्षणी आले तरी डेटाबेस एकालाच आत घेतो. एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असाल तर पोस्टग्रेस शेजारीच बसवता येतो.

मेकमध्ये डेटा स्टोअर आहे. ‘अ‍ॅड/रिप्लेस अ रेकॉर्ड’मध्ये की म्हणून पेमेंट आयडी द्या आणि आधीची नोंद ओव्हरराइट करायची खूण काढून ठेवा. की आधीच असेल तर मॉड्यूल एरर देतो, त्या एररवर फ्लो शांतपणे थांबवायचा. सोबत सिनॅरिओच्या (मेक फ्लोला सिनॅरिओ म्हणतो) सेटिंगमध्ये ‘सीक्वेन्शियल प्रोसेसिंग’ चालू करा, म्हणजे निरोप एकामागून एक घेतले जातील. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये लॉकसर्व्हिस घ्या: कुलूप लावा, टेक्स्टफाइंडरने आयडी शोधा, नसेल तर ओळ लिहा, स्प्रेडशीट फ्लश करा आणि मगच कुलूप सोडा. फ्लश राहिला तर ओळ प्रत्यक्ष शीटवर उतरायच्या आत पुढची एक्झिक्युशन आत शिरते आणि कुलूप लावून न लावल्यासारखं होतं.

एन-एट-एनमध्ये ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ नोड आहे. आधीच्या एक्झिक्युशनमध्ये येऊन गेलेल्या गोष्टी तो लक्षात ठेवतो. न्यूजलेटर किंवा लीडच्या यादीसाठी उत्तम. बिलांसाठी मी तो वापरत नाही. आयडी ‘बघितला’ म्हणून नोंदवला जातो आणि पुढे बिलाच्या पायरीवर फ्लो पडतो. तुम्ही तोच निरोप पुन्हा चालवता तेव्हा नोड म्हणतो, हा तर येऊन गेलाय, आणि ऑर्डर कायमची गायब. डुप्लिकेट ऑर्डरपेक्षा गहाळ ऑर्डर वाईट, कारण तिचा पत्ता ग्राहकाच्या फोननंतरच लागतो.

यावर उपाय म्हणजे नोंद फ्लोची न ठेवता कामाची ठेवा. एकाच पेमेंट आयडीच्या पुढे ‘बिल’, ‘व्हॉट्सअ‍ॅप’, ‘लेबल’ अशा तीन वेगळ्या नोंदी आणि प्रत्येकीला ‘सुरू’ किंवा ‘झालं’ हे स्टेटस. फ्लो पुन्हा पहिल्यापासून चालवला तरी झालेलं काम वगळलं जातं आणि राहिलेलंच होतं. ‘सुरू’वर दहा मिनिटांहून जास्त अडकलेली नोंद आपोआप पुन्हा चालवू नका. लेबल निघालं की नाही हे कुरिअरच्या पोर्टलवर माणसाने बघावं आणि मग ठरवावं.

पुढच्या सॉफ्टवेअरमध्येही शक्य तिथे दुसरं कुलूप लावा. टॅलीत व्हाउचर टाइपचं नंबरिंग मॅन्युअल ठेवून ‘प्रिव्हेंट डुप्लिकेट्स’ला ‘येस’ केलं आणि बिलाचा नंबर फ्लोमधून दिला, तर तोच नंबर दुसऱ्यांदा बसत नाही. स्ट्राइपकडे तुम्ही स्वतः विनंती पाठवत असाल तर ‘आयडेम्पोटन्सी की’ हेडर द्या. तीच की पुन्हा गेली तर पैसे दुसऱ्यांदा कापले जात नाहीत, पहिलंच उत्तर परत मिळतं.

चाचणी

‘आता बंद झालेलं दिसतंय’ यावर विसंबू नका. गर्दी नाही म्हणूनही बंद दिसेल. एका खऱ्या निरोपाचा मजकूर कॉपी करा, टेस्टच्या शीटकडे वळवलेल्या फ्लोवर तो पोस्टमन या अ‍ॅपमधून लागोपाठ दोनदा पाठवा. मग दोन खिडक्या उघडून शक्य तितक्या एकाच वेळी पाठवा. मग बिलाच्या नोडचा पासवर्ड मुद्दाम चुकवा, फ्लो पाडा, पासवर्ड दुरुस्त करा आणि तोच निरोप पुन्हा पाठवा: बिल निघालं पाहिजे आणि व्हॉट्सअ‍ॅप एकूण एकदाच गेलं पाहिजे. ही तिसरी चाचणी बहुतेक फ्लो नापास होतात.

आधी झालेला पसारा

जुनी शीट साफ करताना काउंटइफ (तीच किंमत किती वेळा आली ते मोजणारा फॉर्म्युला) लावा, पण तो पेमेंट आयडीच्या कॉलमवर. सापडलेल्या ओळी लगेच पुसू नका, आधी गेटवेच्या सेटलमेंट रिपोर्टशी ताडून बघा. बिलांच्या बाबतीत जरा सांभाळून. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलांचे नंबर सलग असावे लागतात, त्यामुळे मधला नंबर गुपचूप उडवला तर मालिकेत भोक पडतं. रद्द झालेली बिलं जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये दाखवायची सोय आहे. विवरणपत्र भरून झालं असेल तर क्रेडिट नोटचा विषय येतो, तो तुमच्या सीएंशी बोलूनच करा.

नोंदवही बसली की एक फायदा आपसूक मिळतो. वेबहुक हरवतातही. सलग २४ तास पोच मिळाली नाही तर रेझरपे तो वेबहुक बंदच करतो. वूकॉमर्स सलग ५ वेळा फसलं की बंद करतो. म्हणून रोज रात्री एक वेगळा फ्लो चालवा: गेल्या २४ तासांतली सगळी जमा पेमेंट्स गेटवेच्या एपीआयकडून मागवायची आणि त्याच नोंदवहीतून सोडायची. आलेली आपोआप अडतील, हुकलेली आत येतील. नोंदवहीशिवाय हा प्रयोग केला तर अख्ख्या दिवसाचे डुप्लिकेट निघतील, एवढं ध्यानात ठेवा.

हा फ्लो स्वतःच्या सर्व्हरवरच्या एन-एट-एनमध्ये लावत असाल तर टाइमझोन बघा. तो मुळात न्यूयॉर्कचा असतो. रात्री साडेअकराला लावलेलं काम आपल्याकडे सकाळी ९ वाजता चालतं, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की १० वाजता, म्हणजे नेमकं ऑर्डरींची गर्दी सुरू होते तेव्हा. ‘जेनेरिक टाइमझोन’ या व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता भरा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा.